फेट्याखालचा माइक

शाहिराचे दोन्ही हात डफात गुंतलेले. एका हाताने तो धरायचा, दुसऱ्याने थाप द्यायची, जोशात पुढे झेपावायचं, लगेच झीलकऱ्यांकडे वळायचं. पूर्वी दांडीवरच्या माइकसमोर त्याला खिळून राहावं लागे. आता फेट्याखालून एक बारीक कांडी गालावर येते आणि तो मोकळा होतो. संपादकांनी या कांडीवर लिहायला धाडलं. मी मात्र ती लावणाऱ्या साऊंडवाल्याशेजारीच बसून राहिलो.

इतिहास थोडक्यात. 1962 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी इलेक्ट्रेट माइक तयार केला. स्वस्त, छोटे माइक त्यातूनच आले. 1979 मध्ये ब्रिटिश गायिका केट बुशला गाताना नाचायचं होतं, तेव्हा तिच्या ध्वनितंत्रज्ञाने कपड्यांच्या हँगरची तार वाकवून डोक्यावरचा माइक जुळवला होता.

आमच्या साऊंडवाल्याकडे चाकांचा ट्रॉली स्पीकर, आत बॅटरी, सोबत कमरेला लावायचा ट्रान्समीटर. त्याचा एक हट्ट आहे: आधी माइक, मग फेटा. फेटा बांधून झाल्यावर कानाची कडी आत कोंबली, तर पहिल्याच झटक्याला कांडी सरकते. माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन सेंटिमीटरवर असेल आणि चारवर गेला, तर आवाज साधारण 6 डेसिबलने घसरतो. ऐकणाऱ्याला वाटतं, शाहीर दमला. तोंडासमोरही माइक चालत नाही. ‘भ’, ‘फ’, ‘ध’ म्हणताना सुटणारी हवा थेट आदळते आणि स्पीकर धडधडतो; पोवाड्यात ही अक्षरं तर पावलोपावली. म्हणून जागा कोपऱ्यातच, थोडी गालाकडे. ती सापडेपर्यंत तो कांडी चिमटीत धरून वाकवत राहतो, आणि शाहिराला बोलायला नाही, पूर्ण आवाजात गायला लावतो. डफही वाजवायचा. माइकला शाहीर आणि डफ यांतला फरक कळत नाही. डफ छातीशी आला की थाप आवाजावर चढते. मग ‘डफ जरा खाली घ्या, बुवा,’ असं सांगावं लागतं, आणि बुवांना ते आवडत नाही.

खरी झुंज शिट्टीशी. स्पीकरमधला आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा वाढून बाहेर येतो, पुन्हा शिरतो. मोठ्या रंगमंचावर स्पीकर कलाकाराच्या पुढे दूर ठेवता येतात. देवळासमोरच्या पारावर एकच ट्रॉली असते आणि शाहीर रंगात आला की थेट तिच्या तोंडासमोर जातो. मग साऊंडवाला खडूने जमिनीवर रेघ ओढतो: याच्या पुढे यायचं नाही. ती पाळणारे शाहीर फार थोडे.

त्यात घाम. फेट्याखालून ओघळलेला थेंब कांडीवरून थेट माइकच्या टोकात उतरतो आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा दबतो. यावर त्याने कांडीवर रबरी नळीचं बारीक कडं चढवलंय. थेंब तिथंच अडतो, खाली गळतो. नाटकवालेही असंच करतात. काही मंडळी फोनचा ब्लूटूथ हेडसेट आणतात, ‘हाच जोडा की!’ म्हणतात. जोडला तर आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही उशिरा येतो, आणि डफाची थाप पुढे, शब्द मागे. स्वस्त वायरलेस संच मोबाइलच्या गर्दीत मधूनच गप्प होतात. त्यात 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. काही सणांना मिळणारी बारापर्यंतची सवलत सोडली तर पोवाडा अर्ध्यावर सोडावा लागतो.

आयोजकांना एकच विनंती आहे. सत्कार-नारळ, पाहुण्यांची भाषणं यांना जेवढा वेळ देता, त्यातली पंधरा मिनिटं आधी साऊंडवाल्याला द्या, शाहीर फेट्यासह आणि डफासह समोर उभा करून.