आजी चुकली की मोबाईल?

‘दिंडोरी’ या शब्दात अक्षरं किती? बोटांवर मोजा पाहू. दिं, डो, री. तीन! पहिलीतलं मूलसुद्धा हे सांगेल. पण आमच्या घरातल्या मोबाईलनं किती मोजली, ठाऊक आहे? सात! त्याचीच ही गंमत.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याची आत्या आणि तिची मुलं आमच्याकडे दिंडोरीला येणार होती. ऐन वेळी त्यांचं येणं रद्द झालं आणि आमची दोन्ही मुलं हिरमुसली. सहावीतली लेक म्हणाली, “आई, आपणच मोबाईलवरचा एक खेळ बनवू या का? ते तिकडून खेळतील, आपण इकडून!”

मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका. पाढे, बाराखडी शिकवते. संगणकाचा प्रोग्राम मी जन्मात लिहिलेला नाही. पण आता एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आली आहेत. आपल्याला काय हवं ते साध्या मराठीत लिहायचं, की ते साधन संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहून देतं. अशा कामाला आंद्रेय कार्पाथी या संगणकतज्ज्ञानं फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘वाइब कोडिंग’ असं नाव दिलं.

आम्ही आधी मोबाईल घेतला नाही बरं का, वही घेतली! खेळाचं नाव ठरलं ‘ओळखा गाव’. एक सूचना वाचायची, किती अक्षरी नाव ते पाहायचं आणि उत्तर टाईप करायचं. बरोबर आलं तर दहा गुण. नियम लिहून झाल्यावर गावांची यादी आणि सूचना मी केल्या. मग सगळं त्या साधनाला लिहून दिलं. थोड्याच वेळात रंगीत चौकटींचा खेळ तयार! मुलांच्या बाबांनी ती फाईल इंटरनेटवर ठेवली आणि तिचा पत्ता, म्हणजे लिंक, आत्याला पाठवून दिली.

रात्री जेवणं उरकली आणि सगळे ओट्यावर जमलो. पहिला मान आजीचा. सूचना आली: ‘कादवा नदीवरचं धरण. पाच अक्षरं.’

“करंजवण!” आजी लगेच म्हणाल्या. धाकट्यानं टाईप केलं. पडद्यावर लाल फुली आली. ‘चूक! अक्षरांची संख्या जुळत नाही.’

“आजी, तू चुकलीस,” धाकटा म्हणाला.

“अरे, माझं माहेर करंजवणचं. मी माहेराचं नाव चुकेन का?”

“पण मोबाईल चूक म्हणतोय ना!”

आजी काही बोलल्या नाहीत. चष्मा काढून पदरानं पुसत बसल्या. खरं सांगते, मीही त्या वेळी गप्पच राहिले. मलासुद्धा वाटलं, असेल बाई काहीतरी चूक.

पुढची पाळी लेकीची. ‘आपल्या तालुक्याचं गाव. तीन अक्षरं.’ तिनं ऐटीत ‘दिंडोरी’ लिहिलं. पुन्हा लाल फुली! आता मात्र ती ओरडली, “आई, हा मोबाईलच चुकतोय!”

पाहिलंत? आजी सांगत होत्या तेव्हा आम्ही मोबाईलवर विश्वास ठेवला. स्वतःवर वेळ आली तेव्हा कुठे शंका आली!

मग शोध सुरू झाला. संगणकाला अक्षर दिसत नाही, त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून युनिकोड नावाच्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिलेला आहे. ‘क’चा क्रमांक २३२५, अनुस्वाराचा २३०६. काना, मात्रा, वेलांटी यांनाही स्वतंत्र क्रमांक असतात. आपलं ‘दिं’ हे एकच अक्षर; संगणकापाशी मात्र द, वेलांटी आणि अनुस्वार अशी तीन चिन्हं. तशी मोजली की ‘दिंडोरी’ची होतात सात आणि ‘करंजवण’ची सहा. आजींचं उत्तर अगदी बरोबर होतं!

आम्ही त्या साधनाला लिहिलं, ‘काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार वेगळे मोजू नकोस. ते आधीच्या अक्षराचेच भाग आहेत.’ दिंडोरी तीनवर आली. पण ‘सप्तशृंगी’ची चारऐवजी पाच भरली! ‘प्त’ हे जोडाक्षर तुटून प् आणि त वेगळे झाले होते. मग जोडाक्षराचा नियमही समजावून दिला. शाळेत फळ्यावर शिकवते तस्साच! तेव्हा कुठे खेळ नीट चालला.

तुम्ही ‘वर्डल’ या खेळाचं नाव ऐकलं असेल. तोही आधी घरासाठीच तयार झाला होता. जॉश वॉर्डल यांनी तो आपली जोडीदार पलक शहा हिच्यासाठी बनवला, कारण तिला शब्दांचे खेळ फार आवडत. इंग्रजीतल्या पाच अक्षरी शब्दांच्या भल्यामोठ्या यादीतून ओळखीचे सुमारे २,५०० शब्द पलकनं निवडले. १ नोव्हेंबर २०२१ ला तो खेळणारे होते अवघे ९० जण. दोनच महिन्यांत ते तीन लाखांवर गेले! प्रोग्राम जॉशनं लिहिला, पण कोणते शब्द लोकांना येतात हे पारखलं घरातल्याच माणसानं.

तुम्हालाही असा खेळ करायचाय? मग एवढं करा. आधी वहीत नियम लिहा. खेळ लहान ठेवा. एका वेळी एकच बदल सांगा. उत्तरं मात्र घरातल्या जाणत्या माणसांकडून तपासून घ्या. एआयची साधनं आईबाबांच्या सोबतीनंच वापरा. त्यांना वयाचीही अट असते. खेळात आपला फोटो, पत्ता, फोन नंबर, शाळेचं नाव मुळीच घालू नका.

आणि एक प्रयोग आजच करून पाहा. मोबाईलवर ‘दिंडोरी’ लिहा आणि खोडायचं बटण एकेकदा दाबत जा. बहुतेक मोबाईलवर आधी फक्त वेलांटी जाईल आणि ‘दिंडोर’ उरेल. किती वेळा दाबावं लागतं ते मोजा!

दुसऱ्या रात्री धाकट्यानं खेळ पुन्हा उघडला आणि मोबाईल आधी आजींच्या हातात दिला. “आजी, तुझं उत्तर परत सांग ना. आता तो शिकलाय.”

“करंजवण,” आजी म्हणाल्या. हिरवी खूण आली, दहा गुण मिळाले. पुण्याहून आत्याचा फोन आला, “आई, पहिला नंबर तुझा गं!”

आता यादीत नव्या गावांची भर घालायची आहे. सूचना आजी सांगताहेत आणि धाकटा वहीत लिहून घेतोय.