हवाना सिगार : घाईला वर्ज्य असलेला आस्वाद

अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी फेब्रुवारी १९६२ मध्ये क्युबावर संपूर्ण व्यापारबंदी लादली. मात्र आदेशावर सही करण्यापूर्वी त्यांनी एक काम आठवणीने उरकून घेतले. आपले प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर यांना बोलावून ‘एच. उपमान’ या क्युबन बनावटीचे हजारभर छोटे सिगार सकाळपर्यंत मिळवण्यास त्यांनी सांगितले. सॅलिंजर यांनी बाराशे सिगार गोळा केले, ही खबर मिळाली आणि मगच केनेडींची लेखणी कागदावर उतरली. हा किस्सा पुढे स्वतः सॅलिंजर यांनीच सांगितला.

ज्या देशाशी व्यवहार तोडायचे त्याच देशाची वस्तू आधी घरात भरून ठेवावी, असे त्या पानांच्या गुंडाळीत आहे तरी काय? परदेशवारीहून येणाऱ्याने भेट दिलेला किंवा विमानतळावर हौसेने घेतलेला क्युबन सिगार हाती पडलेल्या अनेकांना हा प्रश्न पडतो. कारण बहुतेकांचा पहिला अनुभव निराशेचा असतो. सिगारेटसारखे भराभर झुरके घेतले जातात, धूर छातीत ओढला जातो, ठसका लागतो, तोंड कडू होते आणि ‘एवढ्यासाठी एवढे पैसे?’ या उद्गारासरशी अर्धा सिगार चिरडला जातो. यात दोष सिगारचा क्वचितच असतो. तयार होण्यास काही वर्षे घेणारी ही वस्तू पाच-दहा मिनिटांत संपवण्यासाठी नसते. तिची चव कळण्यासाठी ती कशी घडते, हे आधी समजून घ्यावे लागते.

लाल मातीचा प्रांत

क्युबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ हा प्रांत आहे. त्यातील वुएल्ता आबाहो या भागातील, विशेषतः सान लुईस आणि सान हुआन इ मार्तीनेस या गावांच्या परिसरातील तांबूस, रेताड जमीन सिगारच्या तंबाखूसाठी जगात अव्वल मानली जाते. पावसाळा सरल्यावर रोपे तयार केली जातात आणि कोरड्या, सौम्य थंडीत पीक वाढते. पाने एकाच वेळी तोडली जात नाहीत. खालून वर, दोन-तीन पाने एका वेळी, मध्ये काही दिवसांचा अवकाश देत हाताने तोडणी होते. कारण झाडावर पान कोणत्या उंचीवर आहे, यावर त्याचा स्वभाव ठरतो.

तळाची पाने ‘बोलादो’ म्हणून ओळखली जातात. ती सौम्य असतात, पण नीट जळतात. मधली ‘सेको’ सुगंध देतात. शेंड्याकडील ‘लिहेरो’ पानांना ऊन सर्वाधिक मिळते. ती जाड, तेलकट आणि तीव्र असतात व सावकाश जळतात. या तिन्हींच्या मिश्रणातून सिगारचा गाभा तयार होतो. गाभ्याला आवळून धरणारे चौथे पान ‘कापोते’, तर सर्वांत बाहेरचे, रेशमासारखे नितळ पान म्हणजे ‘कापा’. हे बाहेरचे पान पातळ आणि एकसारख्या रंगाचे व्हावे यासाठी त्याची झाडे शेतावर कापडाचे छत ताणून सावलीत वाढवली जातात.

तोडलेली पाने लाकडी घरांत दांड्यांवर टांगून सुमारे दीड-दोन महिने वाळवली जातात. नंतर त्यांचे ढीग रचतात. दमट पानांच्या ढिगात आपोआप उष्णता निर्माण होते, पाने आंबतात आणि त्यांतील अमोनियाचा उग्र दर्प, तुरटपणा व काही प्रमाणात निकोटिन बाहेर पडते. त्यानंतर पाने गठ्ठ्यांत मुरत ठेवली जातात. बोलादोला वर्षाच्या आसपास काळ पुरतो, तर लिहेरोला किमान दोन वर्षे लागतात. ‘कोइबा’ या सर्वांत प्रतिष्ठित बनावटीसाठी सेको आणि लिहेरो पाने पिंपांत आणखी एकदा आंबवली जातात. तिच्या तोंडात विरघळल्यासारख्या वाटणाऱ्या मऊपणाचे रहस्य यातच आहे.

हा सारा डोलारा निसर्गाच्या मर्जीवर उभा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘इयान’ चक्रीवादळ याच प्रांतावर आदळले आणि पाने वाळवण्याची हजारो घरे भुईसपाट झाली. पाने वर्षानुवर्षे मुरवावी लागत असल्याने अशा एका रात्रीची झळ बाजाराला पुढे दीर्घकाळ जाणवत राहते.

कादंबरी ऐकणारे हात

हवानातील कारखान्यात सिगार वळणारा कारागीर म्हणजे ‘तोर्सेदोर’. आज या कामात स्त्रियांची संख्या मोठी आहे. साधने मोजकीच : लाकडी फळी, ‘चावेता’ नावाचे अर्धगोल पाते आणि वनस्पतिजन्य, चवहीन डिंक. लिहेरो मध्यभागी आणि इतर पाने तिच्याभोवती अशा घड्या घालायच्या, की धुराला टोकापासून टोकापर्यंत वाट मोकळी राहील. घडी घट्ट झाली तर धूर येत नाही, सैल झाली तर सिगार तापतो आणि कडवटतो. आस्वादाचे अर्धे यश या बोटांच्या अंदाजावर अवलंबून असते.

ही बोटे चालू असताना कान मात्र दुसरीकडे असतात. १८६५ मध्ये हवानातील ‘एल फिगारो’ कारखान्यात एक प्रथा सुरू झाली. उंच आसनावर बसलेला वाचक कामगारांना मोठ्याने वाचून दाखवू लागला आणि त्याचे मानधन कामगार आपल्या मजुरीतून देऊ लागले. कामगार शहाणे होत असल्याचे पाहून स्पॅनिश सत्ताधाऱ्यांनी पुढच्याच वर्षी त्यावर बंदी आणली, पण प्रथा मेली नाही. सकाळी वृत्तपत्र आणि नंतर कादंबरी हा क्रम क्युबातील कारखान्यांत आजही पाहायला मिळतो. १९३५ मध्ये जन्मलेल्या ‘मोंतेक्रिस्तो’ या बनावटीला अलेक्झांडर ड्यूमा यांच्या कादंबरीवरून नाव मिळाले, ते कामगारांना ती कथा अतिशय आवडे म्हणून, असे सांगितले जाते.

वळलेले सिगार रंगाच्या छटांनुसार निवडले जातात. पेटीत डावीकडे सर्वांत गडद आणि उजवीकडे सर्वांत फिकट असा क्रम लावण्याइतकी ही नजर तयार असते.

पेटवण्यापूर्वी

आस्वादाची सुरुवात डोळ्यांनी आणि बोटांनी होते. बाहेरचे पान किंचित तुकतुकीत हवे. त्यावर चिरा किंवा ठळक शिरा नकोत. अंगठा व तर्जनीत हलके दाबल्यास सिगार थोडा दबून पूर्ववत व्हावा. कुरकुर आवाज आला तर तो वाळला आहे, ओल्या कापडासारखा लागला तर दमट झाला आहे.

आकार दोन मापांत सांगतात : लांबी आणि जाडी. जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. ‘रोबुस्तो’ १२४ मिलिमीटर लांब व ५० जाडीचा, म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर व्यासाचा असतो. ब्रिटिश पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांचे नाव लाभलेला आकार १७८ मिलिमीटरचा व ४७ जाडीचा. पहिल्याला पाऊण ते एक तास लागतो, दुसऱ्याला त्याहून अधिक. नवख्याने लहान आकार आणि सौम्य बनावट निवडावी. ‘ओयो दे मोंतेरे’ सौम्य, ‘रोमिओ इ हुलिएता’ मध्यम, तर ‘पार्तागास’ आणि ‘बोलिवार’ तीव्र मानले जातात. रिकाम्या पोटी सिगार ओढल्यास निकोटिनमुळे घेरी आणि मळमळ होण्याची शक्यता असते.

बंद टोकावर पानाची छोटी टोपी चिकटवलेली असते. धारदार कात्रीने तिचा केवळ वरचा दोन-तीन मिलिमीटर भाग कापायचा. टोपीची कड ओलांडली, तर बाहेरचे पान उलगडू लागते. कापल्यावर न पेटवताच एक झुरका घ्यावा. गवत, सुके लाकूड, कोको यांचा अंदाज इथेच येतो आणि वाट मोकळी आहे का, हेही कळते.

पेटवण्यासाठी लांब लाकडी काडी किंवा गंधहीन गॅसचा लायटर योग्य. पेट्रोलचा लायटर व मेणबत्ती यांचा वास पानात उतरतो. ज्योत सिगारला न टेकवता खाली धरून, सिगार फिरवत कड आधी शेकून घ्यायची आणि मगच पहिला झुरका घ्यायचा.

तीन टप्प्यांचा प्रवास

धूर छातीत ओढायचा नाही, हा पहिला नियम. तो काही क्षण तोंडात खेळवून सोडून द्यायचा. जीभ केवळ गोड, आंबट, खारट, कडू अशा मूलभूत चवी ओळखते. बाकी सारी ओळख नाकाची असते. म्हणूनच जाणकार तोंडातील थोडासा धूर नाकावाटे बाहेर सोडतात. त्या एका क्षणात देवदार, भाजलेले दाणे, कॉफी, चामडे, मध, मिरी असे गंध वेगवेगळे होऊन समोर येतात. पानात यातले काहीही मिसळलेले नसते. माती, आंबवणे आणि मुरणे यांतून ते उपजतात.

मिनिटाला साधारण एक झुरका, हा दुसरा नियम. घाई केली की जळते टोक अतिशय तापते आणि सारे गंध कडवटपणात बुडतात. फार उशीर केला तर सिगार विझतो.

सिगारचे तीन समान भाग कल्पिले जातात. पहिल्या भागात चव हलकी, काहीशी गवताळ असते. दुसऱ्यात ती भरते. मिश्रणाचा तोल इथे खरा समजतो. तिसऱ्यात ती तीव्र होते, कारण आधीच्या धुरातील तेले व डांबर उरलेल्या पानांत साचलेले असते आणि उष्णताही तोंडाजवळ येते. जाणकार इथेच थांबतात. राख सतत झटकायची नाही. इंचभर झाली की ती सहज गळते. शेवटी सिगार चिरडायचाही नाही. रक्षापात्रात ठेवला की तो आपला आपण विझतो आणि मागे दर्पही कमी राहतो.

साठवण आणि नक्कल

सिगारला सुमारे ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. मुंबईच्या पावसाळ्यात उघडा ठेवल्यास त्यावर बुरशी येते. वातानुकूलित खोलीत तो सुकून तडकतो. उष्णता वाढल्यास पानातील तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी उबतात आणि टाचणीएवढी छिद्रे दिसू लागतात. देवदारी पेटी नसेल, तर घट्ट झाकणाचा डबा आणि आर्द्रता राखणारी पुडी यांवर काही आठवडे निभावते.

मोठा धोका नकलेचा आहे. २०२२ मध्ये ‘कोइबा’चे दर जगभर प्रचंड वाढवण्यात आल्यानंतर खोट्या मालाचा मोह आणखी वाढला. खऱ्या पेटीवर हिरवी-पांढरी सरकारी हमीपट्टी असते आणि तळाशी ‘संपूर्णपणे हाताने’ अशा अर्थाची स्पॅनिश मोहोर लाकडात डागलेली असते. पारदर्शक काचेच्या झाकणाची ‘कोइबा’ पेटी तर हमखास बनावट. हवानाच्या रस्त्यावर ‘कारखान्यातील नातेवाइकाकडून’ स्वस्तात मिळणाऱ्या मालात केळीच्या पानांपासून कचऱ्यापर्यंत काहीही निघू शकते.

दुसरी बाजू

या वर्णनाला एक बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. ‘धूर छातीत घेत नाही, म्हणजे अपाय नाही’ हा समज चुकीचा आहे. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्याने त्यातील निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात शिरते. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका सिगारने वाढतो. भारतात २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे, ती सिगारलाही लागू आहे. कारण शेजारी बसलेल्याने हा धूर निवडलेला नसतो.

खुद्द क्युबाचा इतिहासच याची साक्ष देतो. ‘कोइबा’ १९६६ मध्ये जन्माला आली ती फिडेल कॅस्ट्रो यांच्यासाठी. एका अंगरक्षकाच्या हातातील निनावी सिगारचा स्वाद त्यांना भावला आणि त्या मिश्रणातून ही बनावट उभी राहिली. १९८२ पर्यंत ती मुख्यतः राष्ट्रप्रमुखांना भेट म्हणून दिली जात होती. परंतु जनतेला धूम्रपान सोडण्यास सांगायचे तर आपण ओढून चालणार नाही, हे जाणून १९८५ मध्ये कॅस्ट्रो यांनी सिगार कायमचा खाली ठेवला.

सिगारचा रसिक होणे म्हणजे रोज ओढणे नव्हे. शेतकऱ्याचे, पाने मुरवणाऱ्याचे आणि कादंबरी ऐकत वळणाऱ्या कारागिराचे कसब ओळखता येणे, त्याची किंमत पैशात आणि प्रकृतीत किती हे ठाऊक असणे, आणि कुठे थांबायचे हे कळणे, यातच ती रसिकता आहे.