चीज बर्गर घरी करताना टिक्की का फुटते? नागलीच्या पिठाचा सोपा उपाय, अन् पाकिटावरचा 'हा' शब्द नक्की वाचा

हरसूल (ता. त्र्यंबकेश्वर) : मुलांच्या हट्टापायी घरोघरी चीज भरलेले बर्गर होऊ लागले आहेत. मात्र टिक्की तव्यावर फुटून चीज तेलात जाते आणि महागाचा जिन्नस वाया जातो. त्याला ओव्हन किंवा महागडे चीज लागत नाही. हरसूल, पेठ, सुरगाणा पट्ट्यात पिकणारी नागली इथे उपयोगी पडते.

मूळ कल्पना कुठली?
चीज वर न ठेवता आत भरण्याची ही पद्धत अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात 'ज्युसी ल्युसी' नावाने प्रसिद्ध झाली. तिच्या जनकत्वावर तिथली दोन हॉटेले आजही दावा सांगतात.

टिक्की का फुटते?
उकडलेल्या बटाट्यात पाणी राहते. तापल्यावर त्याची वाफ होते आणि ती बारीकशा भेगेतून वाट काढते. पाठोपाठ वितळलेले चीज बाहेर येते. भाजलेले नागलीचे पीठ हे पाणी शोषून घेते.

कोणते चीज घ्यावे?
प्रोसेस्ड चीजमधील क्षारांमुळे स्निग्धांश आणि प्रथिने एकत्र राहतात, त्यामुळे ते मऊ वितळते. मोझरेलाला तार सुटते. पनीर मात्र वितळत नाही.

कृती (४ बर्गर)
- उकडून गार केलेले ४०० ग्रॅम बटाटे किसून घ्या. त्यात पाव वाटी भाजलेले नागलीचे पीठ, आले-लसूण-मिरचीचा ठेचा, कोथिंबीर आणि मीठ मिसळा.
- चार गोळे करा. २५ ग्रॅमच्या चीज क्यूबचा अर्धा तुकडा प्रत्येकात ठेवून पुरणासारखे तोंड बंद करा. हात ओला करून भेगा बुजवा.
- मैद्याच्या पातळ पेस्टमध्ये बुडवून रव्यात घोळवा. फ्रिज असल्यास अर्धा तास ठेवा. चीज गार असले की ते उशिरा वितळते, तोवर वरचे कवच पक्के होते.
- मध्यम आचेवर दोन्ही बाजू चार-पाच मिनिटे परता. बनऐवजी लादीपाव चालतो.
- लगेच चावू नका. आतले चीज तोंड भाजते. लहान मुलांना अर्धा कापूनच द्या.

खिम्याची टिक्की असेल तर ती पातळ थापा. वरून लाल झाली तरी आत कच्ची राहू शकते. आतला गुलाबी रंग जाईपर्यंत शिजवा.

पाकिटावर काय पाहावे?
मार्च २०२५ मध्ये श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते यांनी विधानसभेत कृत्रिम पनीरचा प्रश्न मांडला. तोच प्रश्न चीजलाही लागू आहे. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलेल्या पदार्थाला 'ॲनालॉग' म्हणतात. तो विकणे बेकायदा नाही. 'चीज' म्हणून विकणे मात्र नियमात बसत नाही. घटकांच्या यादीत पाम किंवा अन्य वनस्पती तेल दिसले, तर आपण दुधाच्या चीजचे पैसे मोजत नाही ना, हे तपासा. सुट्या चीजला लेबलच नसते, म्हणून बंद पाकीटच घ्यावे. संशय आल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार करता येते.