आजारपणानंतर ज्येष्ठांना उठवताना : सिस्टरकडून शिकून घ्यावे असे काही

घरातील वडीलधाऱ्यांचे मोठे दुखणे निघाले की गुडीहत्नूर परिसरातील आपल्या मंडळींना महामार्ग 44 वरून आदिलाबाद गाठावे लागते, रिम्समध्ये किंवा एखाद्या खासगी दवाखान्यात. ऑपरेशन डॉक्टर करतात. पण खुब्याचे हाड बसवलेल्या आजी पुन्हा स्वतःच्या पायांनी न्हाणीपर्यंत जातील की नाही, हे बरेचसे त्यानंतरच्या दिवसांत ठरते. ते दिवस आधी सिस्टरच्या हाती असतात आणि मग आपल्या.

आजारी माणसाला "पडून राहा, आम्ही करतो सगळं" म्हणणे ही आपल्याकडे माया समजली जाते. एकेकाळी डॉक्टरही हेच सांगत. 1947 मध्ये रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरांनी बिछान्यात पडून राहण्याचे धोके सांगणारा लेख लिहिला, तो आजही वाचला जातो. 2007 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट वृद्धांना दहा दिवस बिछान्यात ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस झडले. हे निरोगी माणसांचे झाले. पडून राहिल्याने छातीत कफ साठतो, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते, पाठीला व टाचांना जखमा होतात. म्हणून सिस्टर दर दोन तासांनी कूस बदलायला लावतात, आणि डॉक्टरांची परवानगी असेल तर खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी उभे करतात. नातेवाईकांना ते निर्दयपणाचे वाटते. वाटू द्यावे, पण अडवू नये.

उठवण्याची त्यांची रीत नीट पाहण्यासारखी असते. त्या आजोबांना एकदम उभे करत नाहीत. आधी कुशीवर वळवतात, पाय पलंगाखाली सोडून बसवतात आणि थोडा वेळ तसेच बसू देतात. चक्कर येते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे विचारतात. पडून असलेला माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे उतरते आणि म्हातारपणी रक्तदाब पटकन सावरत नाही. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला, तर डॉक्टरांना कळवायचे असते. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हे जास्त घडते. रात्री लघवीला उठताना ज्येष्ठ पडतात, त्यामागे पुष्कळदा हेच असते.

मग उभे राहणे. आपण काय करतो, तर काखेत हात घालून ओढतो. त्याने खांदा दुखावतो आणि आपली कंबरही धरते. सिस्टर आजींना आधी खुर्चीच्या कडेला सरकवतात, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायला लावतात आणि पुढे वाकायला सांगतात, नाक पायाच्या बोटांवर येईल इतके. वजन पुढे आले की बूड आपोआप उचलले जाते. मग "एक, दोन, तीन" म्हणून दोघींनी एकदम. जोर आजींचा असतो; सिस्टरचा हात कमरेपाशी असतो, तोल सांभाळण्यापुरता.

लकवा झालेल्या माणसाचा लुळा हात धरून कधीच ओढू नये, कारण सैल पडलेला खांदा सांध्यातून निसटतो. खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला ठेवायची, आणि चालवताना आपण कमजोर बाजूला, अर्धे पाऊल मागे राहायचे. काठीचे मात्र उलटे असते. दुखऱ्या पायाच्या बाजूच्या हातात काठी धरलेले लोक आपल्या बाजारात कितीतरी दिसतात. ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात हवी, म्हणजे दुखरा पाय टेकताना भार वाटला जातो. पायरी चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा.

तोल गेलाच तर पूर्ण वजन झेलण्याचा प्रयत्न सिस्टर करत नाहीत. आपल्या अंगाला टेकवून हळूहळू जमिनीवर बसवतात. घरी पडल्यानंतर एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, तर उभे करू नये, 108 ला फोन करावा.

घरात आल्यावर खरी अडचण बाजेची होते. मधे झोळ पडलेल्या बाजेवरून तरुणालाही उठणे जड जाते, मग खुब्याच्या दुखण्यात काय होईल! गुडघ्याच्या उंचीचा, कडक बैठकीचा पलंग किंवा लाकडी खुर्ची बरी. सैल चप्पल, लोळणारे धोतर किंवा लुगडे आणि न्हाणीतली ओली शहाबादी फरशी या तिन्हींकडे लक्ष द्यावे.

आपल्या भागात भाषेचाही प्रश्न आहे. सिस्टर अनेकदा तेलुगू बोलतात. बाजारहाट करणाऱ्या पुरुषांना ती येते, पण खेड्यातल्या काही आजींना येत नाही. "थांबा" म्हटलेले कळले नाही तर पाऊल चुकीच्या वेळी पडते. म्हणून निदान एवढे शब्द आजींना सांगून ठेवावेत: लेवंडी म्हणजे उठा, कूर्चोंडी म्हणजे बसा, मेल्लगा म्हणजे हळू, आगंडी म्हणजे थांबा. दुखण्याला नोप्पी म्हणतात. चक्कर येत असेल तर "कळ्ळु तिरुगुतुन्नायि" म्हणावे.

सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशी सिस्टरना म्हणावे, "आम्ही उठवून दाखवतो, तुम्ही बघा." वॉर्डात गर्दी असते, तरी बहुतेक सिस्टर दहा मिनिटे काढतात. आणि त्या वेळी फाईल घेऊन धावपळ करणाऱ्या मुलाला पुढे करू नये. कापूस वेचणीच्या दिवसांत तो सकाळपासून शेतात असतो. दुपारी घरी जी सून किंवा नात असेल, तिला तिथे उभे करावे.