भाड्याच्या निवासी इमारती, मुंबईतील

भाड्याच्या रूपाने नियमित उत्पन्न मिळावे, या हेतूने खाजगी मालकांनी बांधलेल्या वा विकत घेतलेल्या राहत्या इमारती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडगिरण्या, गोदी व रेल्वे यांमुळे मुंबईत कामगार व कारकून वर्गाचा ओघ वाढला. त्यांच्यासाठी गिरगाव, परळ, लालबाग इ. भागांत चाळी उभ्या राहिल्या. समाईक गॅलरीलगत एक किंवा दोन खोल्यांची बिऱ्हाडे आणि समाईक नळ व शौचकूप, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असे. थोड्या जागेत पुष्कळ बिऱ्हाडे बसत असल्याने अशी गुंतवणूक किफायतशीर ठरे. मिळणाऱ्या भाड्यातूनच कर, देखभाल व डागडुजी यांचा खर्च भागविला जाई.

युद्धकाळातील घरटंचाईमुळे भाड्यांवर निर्बंध आले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण अधिनियमाने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे सामान्यतः प्रमाण मानले. भाडेकरूला निष्कासनापासून संरक्षण मिळाले. परंतु सिमेंट, लाकूड व मजुरी महागत असता भाडे जवळजवळ स्थिर राहिल्याने दुरुस्ती मालकास परवडेनाशी झाली. यातूनच पागडीची प्रथा फोफावली. नवा भाडेकरू मोठी रक्कम एकदम देई व जागा हस्तांतरित होताना तिचा काही वाटा मालकास मिळे. १९४७ च्या अधिनियमानुसार पागडी घेणे हा गुन्हा होता, तरी व्यवहार चालूच राहिले. नवे भांडवलही भाड्याच्या घरांऐवजी मालकीच्या सदनिकांकडे वळले.

जुन्या इमारती कोसळू लागल्याने शासनाने १९६९ मध्ये अधिनियम करून दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाची तरतूद केली. त्यासाठी शहर विभागातील १९,६४२ इमारतींवर उपकर बसविण्यात आला. त्यांपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. १९७७ पासून हे कार्य महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाकडे आले. उपकरामुळे दुरुस्तीचा भार अंशतः सार्वजनिक यंत्रणेवर पडला. मात्र धोका टळला नाही. २०१७ मध्ये भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३० हून अधिक माणसे दगावली.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात भाडे गोठविणाऱ्या तरतुदी कालौघात अवाजवी झाल्याचे मत दिले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्यानुसार भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ करता येते आणि पागडीही वैध ठरली. भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी मालकाची असते. जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हेही मालकाचेच कर्तव्य आहे. त्याने हयगय केल्यास भाडेकरूला किमान १५ दिवसांची सूचना देऊन स्वतः दुरुस्ती करता येते व तिचा खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र एका वर्षात ही वजावट वार्षिक भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. मूळ भाडेच अत्यल्प असेल, तर या हक्कातून पायऱ्या किंवा छप्पर यांसारखी मोठी कामे होत नाहीत.

त्यामुळे जुनी इमारत विकत घेणाऱ्याचे लक्ष आता भाड्यापेक्षा जमिनीच्या पुनर्विकासमूल्यावर असते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या नियमाने वाढीव चटईक्षेत्र देऊन अशा पुनर्बांधणीस चालना दिली. जेथे जमिनीतून पुरेसा लाभ संभवत नाही, तेथे दुरुस्ती रेंगाळते आणि तिची झळ मुख्यत्वे तेथे राहणाऱ्या भाडेकरूंना पोहोचते.