चिमटा आणि चाकाचं यमक

यमक जुळलं नाही, तर मी मुक्तछंद म्हणून निभावून नेतो. डोंगरी सायकलच्या झटके सोसणाऱ्या चिमट्याला ही सवलत नाही. पुढच्या हबशी त्याची दोन मापं जुळावी लागतात: आसाची जाडी आणि हबची रुंदी. जुन्या चिमट्यात ९ मिलिमीटरचा आस उघड्या खाचेत बसतो, रुंदी १००. आरपार जाणारा आस १५ चा. रुंदी १०० किंवा ‘बूस्ट’ प्रकारात ११०. १५ चे पुष्कळ हब टोप्या बदलून ९ च्या चिमट्यात चालतात, उलट क्वचितच. १०० चा हब ११० मध्ये घालायचा, तर दोन्हीकडे ५ मिलिमीटरच्या चकत्या हव्यात, ब्रेकची डिस्कही तेवढीच बाहेर. बळजबरी नको. डिस्क ब्रेक दाबताच चाक उघड्या खाचेतून खाली निसटू पाहतं. उतारावर ओळ खोडून पुन्हा लिहिता येत नाही.