परसांतील खुराडें आणि त्याचा वास

बीड जिल्ह्यांत गोदाकांठच्या गेवराई-माजलगांवाकडे जावें, किंवा बालाघाटाच्या माथ्यावर पाटोदा-आष्टीकडे जावें. घरामागें एक खुराडें आणि त्याभोंवतीं उकरणाऱ्या पांच-दहा कोंबड्या हें दृश्य बहुतेक वाड्यावस्त्यांवर दिसतें. या कोंबड्यांस कोणी धंदा म्हणत नाहीं. तथापि मुलाची वही, घरांतील तेलमीठ, दवाखान्यास जाण्याचें एस. टी.चें भाडें हे खर्च पुष्कळदां अंड्यांवर निघतात, आणि तो पैसा बहुधा घरच्या बाईच्या हातीं असतो. म्हणून खुराडें मोडलें म्हणजे नुकसान कोणाचें होतें हें वेगळें सांगावयास नको.

खुराडें मोडतें तें दोन कारणांनीं. एक मर, व दुसरें वास. मरीविषयीं पुष्कळ लिहिलें-बोललें जातें. वासाचा विषय मात्र क्षुल्लक मानून सोडून दिला जातो. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. बांधाच्या, वाटेच्या व पाणंदीच्या तक्रारी तर नित्याच्याच. परंतु अधूनमधून खुराड्याच्या वासाचाही अर्ज येई, आणि त्याचा निकाल लावणें आमच्या अधिकारांत नसल्यामुळें तो दुसरीकडे धाडला जाई. अशा एका प्रकरणांत एकाच भिंतीच्या दोन बाजूंस राहणाऱ्या दोन भाऊबंदांचें बोलणें तुटलें, आणि अखेर एका विधवा बाईनें आपल्या बारा कोंबड्या आठवडे बाजारांत मिळेल त्या भावानें विकल्या. पुढें कामानिमित्त त्या वस्तीवर जाणें झालें तेव्हां तें रिकामें खुराडें पाहिलें. पाण्याचा गळका डेरा आंतच ठेवलेला, आणि त्याखालची जमीन अद्यापि काळी पडलेली. डेरा दहा हात दूर ठेविला असता तर बहुधा अर्ज झालाच नसता.

कोंबडीस गाईम्हशींप्रमाणें वेगळें मूत्र नसतें. तिच्या विष्ठेवर जो पांढरा थर दिसतो तेंच तिचें मूत्र होय. त्यांतील द्रव्यास यूरिक आम्ल असें नांव आहे. हें द्रव्य कोरडें राहिलें तर त्याचा वास जवळजवळ येत नाहीं. त्यास ओल मिळाली कीं सूक्ष्म जंतु त्याचें विघटन करितात व त्यांतून अमोनिया वायु सुटतो. युरियाचें पोतें भिजलें असतां नाकास जो झोंबरा वास येतो, तोच हा. सारांश, खुराड्याचा वास हा कोंबडीचा नव्हे, ओलीचा आहे. आणि ताज्या विष्ठेंत सुमारें तीन चतुर्थांश भाग पाणीच असल्यामुळें ओल घालण्यास दुसऱ्या कोणाची गरजही नसते. एक कोंबडी दिवसाकाठीं सुमारें १०० ग्रॅम विष्ठा टाकते. दहा कोंबड्यांची एक किलो झाली. त्यांतील निम्मी रात्रीं दांडीवर बसल्या ठिकाणीं पडते असें धरलें, तर रोज सकाळीं खुराड्यांत अर्धा किलो ओला जिन्नस जमा होतो. पंधरा दिवस तो काढला नाहीं तर काय होईल याचा हिशेब वाचकांनीं स्वतः करावा.

हा वायु केवळ शेजाऱ्यांस त्रास देतो असें नाहीं. हवेच्या दहा लाख भागांत तो वीस-पंचवीस भाग झाला म्हणजे कोंबड्यांचे डोळे चुरचुरूं लागतात, श्वासनलिकेचें आंतील अस्तर दुखावतें व तेथें रोगजंतूंस वाट मिळते. माणसाचें नाक या वासास लवकर सरावतें. ज्यांच्या घरीं खुराडें आहे त्यांसच तो सर्वांत कमी जाणवतो. यास्तव पहांटे दार उघडतांच खालीं वांकून, कोंबडीच्या उंचीवर, एक श्वास घ्यावा. डोळ्यांत पाणी आलें तर रात्रभर त्या जिवांनीं काय सोसलें हें कळतें.

आपल्याकडे पाण्याची टंचाई नित्याची. १९७२ सालचा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या स्मरणांत आहे, व २०१६ सालचे टॅंकर तर सर्वांनींच पाहिले. खुराडें धुण्यास पाणी कोठून आणावें, असा प्रश्न बायका विचारतात व तो रास्त आहे. त्याचें उत्तर असें कीं खुराडें धुवावयाचेंच नसतें. धुतल्यानें मातीची जमीन ओल धरून बसते व वास दुप्पट होतो. खुराडें झाडावयाचें, खरवडावयाचें व वाळवावयाचें असतें. या कामीं आपलें कोरडें हवामान हाच मोठा सहाय्यक आहे. कोंकणांतल्या माणसास ही सोय नाहीं.

जागेविषयीं थोडक्यांत सांगतों. खुराडें घराच्या भिंतीस चिकटून नसावें. वारा ज्या दिशेनें येतो त्याच्या विरुद्ध अंगास, शेजाऱ्याच्या दाराखिडकीपासून शक्य तितकें दूर असावें. जोत्यावर मुरूम ठोकून जमीन वीतभर उंच करावी. काळ्या मातीवर कधींही बांधूं नये. रात्रीच्या निवाऱ्यास प्रत्येक कोंबडीमागें दीड ते दोन चौरस फूट जागा पुरते, म्हणजे दहा कोंबड्यांस पांच फूट लांब व चार फूट रुंद.

हवेचें मात्र विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण येथें बहुतेक जण चुकतात. मुंगूस, रानमांजर व साप यांच्या भयानें लोक खुराड्याच्या सर्व फटी चिखलानें बुजवितात, वर पत्रा टाकितात आणि दारास फळी लावितात. कोंबडी सुरक्षित राहते खरी. परंतु रात्रभर तिच्या श्वासाची वाफ व विष्ठेची वाफ बाहेर जाऊं शकत नाहीं आणि पहांटे पत्र्याच्या आंतल्या बाजूनें थेंब गळतात. उष्ण व ओलसर हवा वर चढते, म्हणून तिला जाण्यास छपराच्या लगत, समोरासमोरच्या दोन्ही भिंतींत, वीतभर उंचीची पट्टी मोकळी ठेवावी व तीस बारीक जाळी ठोकावी. खालच्या बाजूस मात्र थंडीच्या दिवसांत वाऱ्याचा झोत कोंबडीच्या अंगावर येऊं देऊं नये. उन्हाळ्यांत पत्रा तापून आंत भट्टी होते. त्यावर सरमाड अथवा उंसाचें पाचट टाकावें.

आतां खालची गादी. जमीन उघडी ठेवण्यापेक्षां तीवर तीन-चार इंच जाडीचा कोरडा थर पसरल्यास विष्ठेंतील पाणी तो शोषून घेतो. भुईमुगाचीं टरफलें, लाकडाच्या वखारींतील भुसा, बारीक केलेलें पाचट, यांपैकीं जें घरांत किंवा गांवांत मिळेल तें घ्यावें. एकच अट; त्यास बुरशी लागलेली नसावी. पावसांत भिजलेलीं टरफलें वाळवूनही वापरूं नयेत, कारण बुरशीची धूळ कोंबडीच्या फुप्फुसांत जाऊन रोग होतो, व पिलें तर त्यानें मरतातच. ही गादी दोन-तीन दिवसांनीं फावडीनें किंवा दाताळ्यानें खालवर करावी. मूठभर घेऊन दाबून पाहावी. गोळा बनून तसाच राहिला तर ती ओली आहे. दाबल्यावर हलकेच जमून हात उघडतांच सुटली तर ठीक. आणि नुसती धूळ उडाली तर फार कोरडी. ओला भाग दिसेल तेवढाच काढून तेथें नवा भुसा घालावा. संपूर्ण गादी वर्षांतून दोनदां काढणें पुरें. त्यांतील एक वेळ मृगाच्या आधीं साधलीच पाहिजे.

गादीचें आयुष्य वाढविण्याची एक युक्ति आहे व तीस खर्च नाहीं. कोंबड्या ज्या दांडीवर बसतात तिच्या खालीं जुना पत्रा किंवा दुहेरी गोणपाट अंथरावें व त्यावर भुशाचा पातळ थर टाकावा. रात्रीची विष्ठा तेथेंच पडते. सकाळीं तें उचलून खड्ड्यांत झाडलें कीं काम झालें. त्यास पांच मिनिटेंही लागत नाहींत. दांडी बाभळीची, तासून गोल केलेली, दोन इंच जाड असावी. पोकळ बांबू घेऊं नये, कारण त्याच्या पोटांत किडे घर करितात. झाडतांना नाकातोंडास फडकें बांधावें, आणि नंतर हात साबणानें धुवावे. लहान मुलांस हें काम सांगूं नये.

चुना व राख यांविषयीं एक गैरसमज सार्वत्रिक आहे. वास आला कीं लोक विष्ठेवर चुना टाकितात. परंतु चुना क्षारधर्मी असल्यामुळें ओल्या विष्ठेंतील अमोनिया तो दाबून न ठेवितां उलट बाहेर काढितो. शंका असल्यास ओल्या ढिगावर चिमूटभर चुना टाकून पाहावा. नाक लगेच साक्ष देईल. राखेचा गुणही काहींसा तसाच. चुन्याचें खरें स्थान भिंतीवर आहे. वर्षांतून दोनदां दाट चुन्याचा हात भिंतीस, फटींस व अंडीं घालण्याच्या खोक्यास द्यावा. राखेचें स्थान बाहेर, उन्हांतल्या एखाद्या खळग्यांत, बारीक मातीबरोबर. तेथें कोंबड्या धुळीचें स्नान करितात व त्यांच्या अंगावरील उवा कमी होतात.

फटींतील किड्यांचा विषय येथेंच घेणें बरें. तांबडे बारीक किडे व कोंबड्यांची गोचीड हे दिवसा भेगांत दडतात व रात्रीं बाहेर येऊन रक्त पितात. कोंबड्या संध्याकाळीं आंत शिरण्यास कुरकुर करूं लागल्या तर रात्रीं विजेरी घेऊन दांडीचीं टोंकें पाहावीं. आपल्या ऊंसतोड कुटुंबांनीं याकडे विशेष लक्ष द्यावें. दसरा-दिवाळीनंतर तीं कारखान्यांच्या गाळपास पश्चिम महाराष्ट्राकडे अथवा कर्नाटकाकडे जातात. कांहीं कोंबड्या बरोबर नेतात, कांहीं म्हाताऱ्यांपाशीं ठेवितात किंवा अर्धलीनें देतात, आणि खुराडें पांच-सहा महिने ओस पडतें. इतके दिवस रिकामें राहिलें म्हणजे तें आपोआप शुद्ध झालें असेल असें वाटतें. परंतु तांबडे किडे आठ महिन्यांपर्यंत उपाशी राहूं शकतात, व गोचीड तर त्याहूनही दीर्घकाळ. जातांना गादी पूर्ण काढून जमीन खरवडावी, दांड्या उन्हांत टाकाव्या, फटींत उकळतें पाणी ओतून त्या वाळल्यावर चुना भरावा. परतल्यावर पुन्हां एकदां पाहूनच कोंबड्या आंत सोडाव्या. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर चालते व बालाघाटांत तिला तोटा नाहीं. २०१६ सालीं तर बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकनही मिळालें. तथापि ती पूड डोळ्यांत गेल्यास भयंकर इजा होते, म्हणून घरांत लहान मुलें असतां तिचा उपयोग न करणेंच बरें.

जानेवारी २०२१ मध्यें शेजारच्या परभणी जिल्ह्यांत मुरुंबा येथें सुमारें आठशें कोंबड्या बर्ड फ्ल्यूनें मेल्या, आणि त्याच सुमारास आपल्या पाटोदा तालुक्यांत मुगांव येथें मेलेल्या कावळ्यांतही तोच रोग निघाला. रानपक्षी खुराड्याबाहेर सांडलेल्या दाण्यावर व पाण्यावर येतात. म्हणून पाण्याचें भांडें आंत तर नकोच, पण उघड्यावर पसरटही नको. अरुंद कांठाचें, सावलींत, विटेवर ठेवलेलें असावें व सांजेस रिकामें करावें. एकाएकीं दोन-चार कोंबड्या मेल्या तर त्या उकिरड्यावर टाकूं नयेत व सोलूंही नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावें. वरवर पाहतां मानमोडी कोणती व बर्ड फ्ल्यू कोणता हें ओळखतां येत नाहीं. मानमोडीस, म्हणजे राणीखेतास, लस आहे व ती पिलांस पहिल्या आठवड्यांतच द्यावयाची असते.

आतां झाडून काढलेल्या विष्ठेचें काय करावें? ती खुराड्याशेजारीं ढीग करून ठेविली तर वरील सर्व श्रम वायां गेले. दूर एक हातभर खोल खड्डा करावा, त्यांत रोजची झाडलोट टाकून वर तितकाच पालापाचोळा व मातीचा थर द्यावा, आणि पावसाचें पाणी आंत शिरूं नये म्हणून झांकावा. आठवड्यांतून एकदां मूठभर सुपर फॉस्फेट भुरभुरावें; तें अमोनियास धरून ठेवितें. जो वास हवेंत जातो तें वस्तुतः पिकाचें नत्रच होय. वाळलेल्या कोंबडखतांत नत्र शेंकडा तीनच्या आसपास असतें, तर शेणखतांत अर्धा टक्काच. दहा कोंबड्यांची केवळ रात्रीची विष्ठा धरली तरी वर्षाकाठीं वाळून सुमारें ४५ किलो भरते, व तींत तीन किलो युरियाइतकें नत्र असतें. रक्कम मोठी नाहीं, परंतु परसांतील चार वाफे मिरची-वांग्यांस पुरून उरते. ताजें खत मुळांशीं घालूं नये, रोप करपतें. तीन-चार महिने कुजवून, काळें व भुसभुशीत झाल्यावर, लागणीपूर्वीं आठ-दहा दिवस वाफ्यांत मिसळावें व वर हलकें पाणी द्यावें.